रवंथ: तीनशे शहाऐंशी उल्लेख

३ फेब्रुवारी, सोमवार

आज प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की मला मोजणार आहेत.

"मला म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्हाला म्हणजे तुमच्या संशोधनाला. किती लिहिलंत आणि ते किती जणांनी आपापल्या लेखांत उल्लेखलं, ते बघणार. वरच्या समितीचा नियम आलाय. गेल्या दहा वर्षांत प्रत्येक विभागाच्या नावावर निदान शंभर उल्लेख हवेत. नसले तर विभाग बंद."

आमचा साहित्य विभाग म्हणजे मी आणि स्वल्पविराम. तिचं हे नाव मुलांनी ठेवलंय, कारण तिचं एकही वाक्य पूर्ण होत नाही. सहा वर्षं हंगामी म्हणून शिकवतेय, नवऱ्याची फिरतीची नोकरी, मुलगी दीड वर्षाची. विभाग बंद झाला तर मला निवृत्तीपर्यंतची चार वर्षं परीक्षा विभागात कुठेतरी बसवतील. ती मात्र घरी जाईल.

तिला सांगितलं तर म्हणाली, "पण बाई, आपले शंभर म्हणजे…" आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी ताईला सांगितलं. ताई छत्तीस वर्षं नर्स होती, तिला कशाचंच काही वाटत नाही. "मोजू देत की," म्हणाली. "वजनात तर तू कुठे कमी नाहीस."

५ फेब्रुवारी, बुधवार

मीच आधी मोजून बघितलं. तीस वर्षांत बावीस लेख. उल्लेख सात. त्यांतले चार माझे मीच केलेले, ते धरत नाहीत म्हणे. उरले तीन. एक माझ्या विद्यार्थ्याचा, त्याची तोंडी परीक्षा माझ्याकडेच होती. एकात 'या लेखिकेचा मुद्दा भरकटतो' असं म्हटलंय. तिसऱ्यात माझं नाव चुकलंय, पण ती मीच.

शंभरातून तीन वजा करून बघितले. मग जेवले.

१० फेब्रुवारी, सोमवार

समितीचा माणूस आला. उंच, बारीक, खिशात दोन पेन्सिली आणि चेहऱ्यावर दाढ काढायला आल्यासारखा भाव. मी मनातल्या मनात त्याला मोजणीदार म्हणायला लागले. तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालयात त्याला कोपऱ्यातलं टेबल दिलंय. सगळ्या विभागांचं मिळून पंधरा दिवसांचं काम आहे, असं प्राचार्य म्हणाले.

"तुमचे सगळे लेख लागतील," मोजणीदार मला म्हणाले.

"यादी दिलीये की."

"लोक यादीवरून मोजतात. मी वाचून मोजतो."

बावीस लेखांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवताना मला डॉक्टरसमोर जीभ बाहेर काढल्यासारखं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीनशे शहाऐंशी!

पुन्हा लिहिते. तीनशे शहाऐंशी! अक्षरांत लिहिलं की जास्त वाटतात.

झालं असं. मोजणीदारांकडे एक मोठी संगणकीय सूची आहे, जगभरातल्या लेखांच्या तळटीपा तिच्यात नोंदलेल्या असतात. त्यांनी माझ्या लेखांची नावं एकेक करून घातली. शून्य, शून्य, एक, शून्य. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून घामाघूम. मग त्यांनी 'रवंथ' घातलं. अठरा वर्षांपूर्वीचा लेख, 'रवंथ: चार टप्पे'. आपण एखादं पुस्तक वाचतो, ते मनात खाली जातं, मग भांडी घासताना वगैरे अचानक वर येतं आणि आपण ते पुन्हा, सावकाश चघळतो, त्याबद्दलचा. कुठल्याशा विद्यापीठाच्या सर्व विषयांच्या मिश्र अंकात छापून आला होता. एका मैत्रिणीशिवाय कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि तिनेही मुखपृष्ठाला म्हटलं होतं.

पडद्यावर आकडा आला. मोजणीदारांनी चष्मा पुसला. पुन्हा घातलं. पुन्हा तोच आकडा.

"अभिनंदन," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मला तो सगळ्यांत जास्त आवडला होता."

मला आकाश ठेंगणं झालं. जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या मी उडी मारून उतरले. वय छप्पन्न. शिपायाने बघितलं. बघू दे.

स्वल्पविरामला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "म्हणजे बाई आता आपण…" "हो," मी म्हटलं, "आपण!"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सूचना फलकावर माझा फोटो लागलाय. प्राचार्यांनी बशीसकट चहा पाजला. आजवर मला नुसता कप मिळायचा. भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना माझा विषय कोणता ते कालपर्यंत ठाऊक नव्हतं, माझ्यासाठी दार धरलं.

संध्याकाळी नवे बूट घेतले. लाल.

मोजणीदारांनी उल्लेख करणाऱ्या नियतकालिकांची यादी दिली. एकेक नाव काय आहे! 'पचनविचार'. 'पोट आणि काळ'. एका त्रैमासिकाचं नाव तर नुसतं 'चारा'. केवढं धाडस! आमच्या वेळी नियतकालिकांना गुळगुळीत नावं असायची. ही नवी समीक्षक पिढी रूपकाला घाबरत नाही. वाचणं म्हणजे चरणं, हे यांना माझ्याही आधी कळलेलं दिसतंय.

लेख प्रत्यक्ष वाचायची फार इच्छा आहे. मोजणीदारांनी प्रती मागवल्यात. महिना लागेल म्हणाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निमंत्रण आलं! 'पोषण परिषद' नावाची संस्था आहे. त्यांच्या वार्षिक अधिवेशनात मुख्य भाषण मी करायचं, २८ मार्चला. पत्रातलं वाक्य इथे उतरवून ठेवते: 'आपल्या पायाभूत लेखाचा आधार घेतल्याशिवाय आमच्या क्षेत्रात एकही प्रबंध पुरा होत नाही.' पुढे लिहिलंय, 'तिसऱ्या टप्प्याबाबत आमच्यात तीव्र मतभेद आहेत, आपण त्यावर प्रकाश टाकावा.'

मतभेद असणारच. तिसरा टप्पा विस्मरणाचा. वाचलेलं विसरल्याशिवाय ते आपलं होत नाही, असं मी लिहिलं होतं आणि तेव्हाच मला वाटलं होतं, हे लोकांना झेपणार नाही.

ताईला पत्र वाचून दाखवलं. "पोषण?" ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यात पोषणवाल्या बाई यायच्या. त्या पथ्य सांगायच्या."

"ताई, इथे पोषण म्हणजे अभिरुचीचं."

"असेल बाई," ती म्हणाली आणि उशीला अभ्रा घालायला लागली.

९ मार्च, रविवार

मोजणीदार आज घरी आले. माझा एक जुना अंक परत द्यायचा होता. तो उद्या कॉलेजात दिला असता तरी चाललं असतं, पण माणूस भलताच काटेकोर. तीन तास बसले. मी 'रवंथ' लिहिला तेव्हा कुठे राहत होते, खिडकी कुठल्या बाजूला होती, चहात साखर किती घेते, असं सगळं विचारलं. हे मूल्यमापनाचे अर्ज किती खोलात जायला लागलेत! स्वतःबद्दलही थोडं बोलले. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा दूर असतो. उठता उठता आमचा स्वयंपाकघरातला गळका नळही दुरुस्त केला.

ते गेल्यावर ताई माझ्याकडे बघून नुसती हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "नळ कधीपासून गळत होता गं?"

"दोन वर्षं."

"तेच म्हणते," म्हणाली. तिचं कधी काही कळत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

ग्रंथालयात प्राचार्य मोजणीदारांना म्हणत होते, "भौतिकशास्त्र तीन दिवसांत झालं. रसायन दोन. साहित्याला पाचवा आठवडा?"

"फार आहे," मोजणीदार म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. खिडकीतून ऊन येतं त्या कोपऱ्यात.

मला भरून आलं. आयुष्यभर लोक म्हणत आले की माझं काम थोडं आहे.

२६ मार्च, बुधवार

भाषण लिहून झालं. एकवीस पानं. तिसऱ्या टप्प्यावरच नऊ.

दुपारी मोजणीदार माझ्या खोलीत आले, हातात प्रतींचा हा एवढा गठ्ठा. चेहरा पांढराफटक. "बाई, मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय."

मी लाल बुटांना पॉलिश करत होते. वर बघून हसले आणि म्हटलं, "बोला ना!" मी फारच खुशीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, गठ्ठा पाठीमागे नेला आणि म्हणाले, "परवा अधिवेशनाला मी सोबत आलो तर चालेल?"

"पडताळणीसाठी?"

"हो. पडताळणीसाठी."

२९ मार्च, शनिवार

कालचं सगळं नीट क्रमाने लिहायचंय.

बस सकाळी सातची. मोजणीदार आधीच थांब्यावर, हातात सँडविचचा डबा. प्रवास तीन तासांचा. पण माणूस एका जागी स्वस्थ बसेना. घाम पुसत होते. "बाई," म्हणायचे, मग खिडकीबाहेर बोट दाखवून "झाड" म्हणायचे. थोड्या वेळाने "बाई… पूल." मला वाटलं, यांना बस लागते. माझ्या पर्समधल्या आल्याच्या वड्या दिल्या. त्यांनी सहा खाल्ल्या.

सभागृह मोठं. दारातच एक प्लॅस्टिकची गाय उभी. खरीखुरी वाटावी अशी, आणि तिच्या पोटाला कपाटासारखं दार. दार उघडं. आत चार रंगांचे चार कप्पे, प्रत्येकावर चिठ्ठी. मी म्हटलं, "बघा, माझ्या लेखाचं प्रतीक केलंय यांनी! किती कल्पक!"

तेव्हा मोजणीदारांनी माझा कोपर धरला आणि मला गाईच्या मागे नेलं.

"बाई, हे प्रतीक नाही. ही माणसं जनावरांचे डॉक्टर आहेत."

"कोण?"

"सगळे. गुरांचं पोट, चारा, पचन. मी प्रती वाचल्या. तीनशे शहाऐंशीच्या तीनशे शहाऐंशी. प्रत्येकात एकच वाक्य आहे, 'रवंथ चार टप्प्यांत होते', आणि खाली तुमच्या लेखाची तळटीप. तुमचा लेख यांनी उघडलेलाच नाही. एकाने दिली, बाकीच्यांनी उतरवली."

मला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"आणि बसमध्ये तीन तास काय करत होतात?"

"शब्द शोधत होतो," ते म्हणाले. "मला सापडले नाहीत. चला, आत्ताच्या आत्ता परत जाऊ. बरं वाटत नाही म्हणून सांगतो मी."

पळून जावं असं फार वाटलं. लाल बूट काढून पिशवीत घालावेत असंही वाटलं. पण तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं आणि टाळ्या सुरू झाल्या. दोन-अडीचशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलेलं नाही, बसमध्येसुद्धा नाही. माझे पाय आपोआप चालायला लागले.

ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी आजवर एकाही गाईला हात लावलेला नाही."

प्रचंड हशा. त्यांना तो विनय वाटला.

"खरंच सांगते. मी साहित्य शिकवते." मग मी त्यांना 'रवंथ'चा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. त्यात आजारपणात वाचलेली एक कादंबरी आहे, पांघरूण आहे, खोकला आहे. गाय नाही. सभागृहातलं हसू हळूहळू विरलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घाईघाईने अधिवेशनाची पुस्तिका चाळत होते. बहुधा स्वतःचाच लेख शोधत असावेत.

"तुमच्यापैकी कुणी हा लेख वाचलाय?" मी विचारलं. मला रागही आला होता आणि हसूही येत होतं.

तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. उठायला त्यांना वेळ लागला.

"पहिली तळटीप माझी," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वीची. एका गोठ्यात गाय अडली होती, मी सकाळपासून बसून होतो. खिशात तो जुना अंक होता. नाव बघून उघडला. पोटाबद्दल काही सापडेना. पण वाचत राहिलो. त्याच महिन्यात माझी बायको गेली होती. तिची साधीसाधी वाक्यं मला मधेच आठवायची. दूध उतू जाईल, छत्री घ्या, अशी. मला वाटायचं माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमचा तिसरा टप्पा वाचला आणि कळलं की हे असंच होतं. मग माझ्या पुढच्या लेखात मुद्दाम कुठेतरी तुमचं नाव घातलं. आभार मानायची दुसरी रीत मला येत नव्हती." मग मागे वळून सभागृहाला म्हणाले, "बाकीच्यांनी का घातलं, ते त्यांनी सांगावं."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच. पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून. मीही हसले, इतकी की भाषणाची एकवीस पानं हातातून सुटून स्टेजभर पसरली. ती गोळा करायला मोजणीदार वर आले आणि लोकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

नंतर माझं भाषण झालं. खरं भाषण. तिसऱ्या टप्प्यावर खूप प्रश्न आले, आणि कुणी कप्प्यांबद्दल विचारलं नाही.

दुपारी ते म्हातारे डॉक्टर आम्हाला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेले. मी गाईला हात लावला. ती गरम होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे चघळत राहिली.

परतताना बसमध्ये मोजणीदार गाढ झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. दमलेल्या माणसाला उठवणं बरं नाही. तीन तासांत माझा हात पार बधिर झाला.

३१ मार्च, सोमवार

आज समितीला पत्र लिहायचं ठरवून गेले, पण पेन हातात धरवेना. माझा फोटो फलकावरून उतरेल त्याचं फार नाही. स्वल्पविरामचं काय? मी गप्प बसले तर कुणाला काय कळणार आहे! मोजणीदारांना कळलंय, पण ते म्हणाले, "अहवाल मला खराच द्यावा लागेल. तरी तुमचं पत्र आधी गेलं तर बरं. मी शुक्रवारपर्यंत थांबतो." हे म्हणताना त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होत होता.

शेवटी स्वल्पविरामलाच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, गुरांच्या आकड्यावर टिकलेली नोकरी मला नको."

सहा वर्षांत पहिलं पूर्ण वाक्य.

पत्र लिहिलं. दोघींनी मिळून टपालात टाकलं आणि मग रस्त्यावर उभ्या राहून आइस्क्रीम खाल्लं. फाशीच्या आधी खातात तसं, पण चव छान होती.

८ एप्रिल, मंगळवार

समितीचं उत्तर आलं. ग्राह्य उल्लेख चार: जुने तीन आणि म्हाताऱ्या डॉक्टरांचा एक. साहित्य विभाग १ जूनपासून बंद.

प्राचार्यांनी पुन्हा नुसत्या कपात चहा दिला. पण बिस्किट स्वतःहून पुढे केलं.

१७ एप्रिल, गुरुवार

घाईघाईने लिहितेय, अक्षर चुकलं तर चुकू दे.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं पत्र आलंय. ते म्हातारे डॉक्टर तिथल्या संचालक मंडळावर आहेत. त्या अधिवेशनानंतर तिथे मोठी खळबळ झाली म्हणे. सगळे जण आपापल्या तळटीपा तपासून बघायला लागले. आता त्यांचा ठराव झालाय: संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचायला शिकायचं. एक वर्षाचा सक्तीचा वर्ग, आणि तो आमच्या विभागाने चालवायचा. तीन वर्षांचा करार, आठवड्यातून तीन दिवस, दोन शिक्षक.

विभाग दुसऱ्या संस्थेला शिकवत असेल तर उल्लेखांची अट लागत नाही, असं समितीच्या नियमातच आहे. कलम अकरा. ते कलम प्राचार्यांना दाखवलं मोजणीदारांनी. सगळं वाचतात म्हटल्यावर त्यांना ते सापडणारच.

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे तुम्ही आता जनावरांच्या डॉक्टरांना गोष्टी वाचायला शिकवणार?"

"सावकाश," मी म्हटलं. "चार टप्प्यांत."

स्वल्पविरामने मला उचलायचा प्रयत्न केला. ताईचं वजनाबद्दलचं म्हणणं खरं आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

मोजणीदारांचा आज शेवटचा दिवस होता. समितीने त्यांना दुसऱ्या गावी पाठवलंय, तिथल्या कॉलेजाची मोजणी सोमवारपासून.

मी ग्रंथालयात गेले तेव्हा ते टेबल आवरत होते. माझे बावीस लेख एका फाइलमध्ये लावलेले. "हे तुमचे," म्हणाले. मग फाइल पुढे केलीच नाही, दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"बाई, तुमच्या विभागाचं काम दुसऱ्याच आठवड्यात झालं होतं."

"मग एवढे दिवस?"

"मी परत परत वाचत होतो. म्हणजे, लेखही वाचत होतो." त्यांनी घसा खाकरला. "मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. स्वयंपाक बरा करतो. झोपेत घोरतो, ते तुम्हाला बसमध्ये कळलंच असेल. तुमची हरकत नसेल तर उरलेलं आयुष्य तुमच्या सोबत काढायला मला आवडेल. त्या नव्या गावाहून तुमचं घर बसने दीड तासावर आहे. मी बघितलंय वेळापत्रक."

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "कळवते."

कळवते! तीस वर्षं भाषा शिकवली त्याचं हे फळ. मी वळले आणि चालायला लागले. तीन मजले उतरले. फाटकापर्यंत गेले. फाटकाशी उभं राहिल्यावर मला गेले तीन महिने असे एकदम, सगळे एकत्र दिसले: नळ, साखर, झाड, पूल. आणि मी किती ठार मूर्ख आहे, तेही.

मग मी धावले. तीन मजले, लाल बुटांत. दुसऱ्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख भेटले, त्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली. वर पोचले तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता. ते अजून तसेच उभे होते, फाइल धरून.

"हो," मी म्हटलं.

"बसा आधी," ते म्हणाले. "पाणी देऊ?"

"हो म्हणतेय मी!"

"ऐकलं," ते म्हणाले, आणि खुर्ची सोडून टेबलावरच बसले.

२७ एप्रिल, रविवार

ताईला परवाच सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं नळाच्या दिवशीच ठरलं." मग बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिने असं शेवटचं कधी केलं होतं, मला आठवत नाही.

आज आम्ही नदीवर नाव वल्हवायला जाणार आहोत. दोघांनाही येत नाही. त्यांनी त्यावरचं पुस्तक दोनदा वाचलंय म्हणे, त्यामुळे बुडायची शक्यता बरीच आहे. अजून पुष्कळ लिहायचं होतं, पण ताई गॅलरीतून ओरडतेय, "अगं लिहीत काय बसलीस, तो खाली अर्धा तास उन्हात उभा आहे, आणि फुलं उलटी धरलीयेत!"